वीस लाखांची गाडी की पन्नाशीत निवृत्ती? सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने हिशेब

पुण्या-मुंबईत लवकर निवृत्तीच्या आड सगळ्यात आधी घर येतं. पगाराचा मोठा तुकडा फ्लॅटच्या हप्त्यात जातो आणि गाडीचा विचार त्यानंतर. सोलापुरात चित्र वेगळं आहे. वडिलोपार्जित घर किंवा जुळे सोलापूरला आधीच घेतलेला फ्लॅट, अंतरं कमी, भाजीपाला आटोक्यात, मुलांची शाळा घराजवळ. नवरा-बायको दोघं कमावते असतील तर महिन्याला पन्नास-साठ हजार बाजूला पडणं इथे अशक्य नाही. त्यामुळे इथल्या मध्यमवर्गीय घरातला एकमेव मोठा, ऐच्छिक आणि पुन्हा पुन्हा येणारा खर्च म्हणजे गाडी. पन्नाशीच्या आसपास नोकरीतून मोकळं व्हायचं असेल तर लढाई इथेच आहे. चहा-भज्यांवर किती खर्च होतो हे मोजत बसण्यात अर्थ नाही.

गाडी घेऊच नका, असं मी सांगणार नाही. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात लहान मूल घेऊन दुचाकीवर फिरून पाहिलेल्या माणसाला ते कुणी सांगूही नये. प्रश्न कोणती गाडी, कितीची आणि कधी, एवढाच आहे.

पायरी १: निवृत्तीचा आकडा काढा

शोरूमच्या आधी वही उघडा. विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ साली तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून एक हिशेब मांडला. पहिल्या वर्षी जमा रकमेच्या सुमारे ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली, तर पैसा ३० वर्षं पुरतो. यातूनच ‘वार्षिक खर्चाच्या २५ पट’ हा ठोकताळा आला. पण तो अमेरिकेचा आणि तीस वर्षांचा आहे. पन्नाशीला थांबणाऱ्याला चाळीस वर्षंही काढावी लागू शकतात, आणि आपल्याकडची महागाईही वेगळी. म्हणून मी ३३ पट धरतो. कुणी ३० धरेल, कुणी ४०. २५ मात्र धरू नका.

समजा गाडी सोडून घरखर्च महिन्याला ४५,००० आहे. वर्षाचे ५ लाख ४० हजार. गुणिले ३३ म्हणजे १ कोटी ७८ लाख. मुलांचं शिक्षण आणि आरोग्य विमा यांची सोय यात धरलेली नाही, ती वेगळी करावी लागते.

याच गुणाकारातून एक सोपं माप हाती येतं. महिन्याचा कायमचा खर्च १,००० रुपयांनी वाढला की निवृत्तीचा आकडा जवळपास ४ लाखांनी वाढतो. हे माप वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

पायरी २: गाडीचा वर्षाचा खर्च काढा, हप्त्याचा नाही

शोरूममधला माणूस हप्त्याची भाषा बोलतो. “सर, महिन्याला फक्त सोळा हजार.” ९ टक्के व्याजाने ७ वर्षांसाठी १० लाखांचं कर्ज घेतलं तर हप्ता खरोखर १६,००० च्या आसपास येतो. पण एकूण परतफेड साडेतेरा लाखांची होते, आणि त्या सोळा हजारांत पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, टायर काहीच नसतं.

त्यामुळे गाडीचा खर्च वर्षाला मोजायचा. चार गोष्टी धरायच्या: किमतीतली घट, विमा, देखभाल आणि इंधन. कर्जाचं व्याज सध्या बाजूला ठेवू, म्हणजे मोठ्या गाडीला झुकतं मापच मिळेल. दोन गाड्या घेऊ. दोन्ही १० वर्षं वापरायच्या, वर्षाला ८,००० किलोमीटर, पेट्रोल लिटरला १०५ रुपये.

पहिली, ऑन-रोड (टॅक्स, विमा, नोंदणी धरून) ७ लाखांची छोटी गाडी. दहा वर्षांनी पावणेदोन लाखांना गेली तर घट वर्षाला ५२,५००. विमा सरासरी १८,०००. सर्व्हिसिंग-टायर १५,०००. अ‍ॅव्हरेज १८ चं धरलं तर पेट्रोल सुमारे ४६,७००. एकूण १ लाख ३२ हजार, म्हणजे महिन्याला ११,०००.

दुसरी, ऑन-रोड २० लाखांची एसयूव्ही. दहा वर्षांनी पाच लाखांना गेली तर घट वर्षाला दीड लाख. विमा ४५,०००, देखभाल ३५,०००. अ‍ॅव्हरेज १२, म्हणजे पेट्रोल ७०,०००. एकूण ३ लाख. महिन्याला २५,०००.

फरक महिन्याला १४,००० चा. आता वहीतलं माप लावा: निवृत्तीचा आकडा सुमारे ५५ लाखांनी वाढला. शोरूममध्ये दोन गाड्यांत १३ लाखांचा फरक दिसत होता. बाकीचा फरक तिथे कुणी सांगत नाही, कारण तो गाडीच्या किमतीत नसतो. मोठ्या गाडीचं इंधन, विमा, देखभाल दर वर्षी जास्त लागते, आणि एकदा तिची सवय लागली की पुढची गाडीही त्याच वर्गातली लागते, त्यातून तो येतो.

हा फरक दोन्ही बाजूंनी कापतो. दर महिन्याला शिल्लक १४,००० ने कमी होते आणि गाठायचा आकडा ५५ लाखांनी लांब जातो. दोन्ही एकत्र धरून पाहू. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख १६ हजार, घरखर्च ४५,०००, आणि आजपर्यंतची जमा २० लाख. छोटी गाडी असेल तर महिन्याला ६०,००० उरतात आणि लक्ष्य २ कोटी २२ लाखांचं. मोठी असेल तर उरतात ४६,००० आणि लक्ष्य २ कोटी ७७ लाख. महागाई वजा जाता गुंतवणुकीवर ४ टक्के मिळाले असं धरलं, तर पहिल्या घराला सुमारे १८ वर्षं लागतात, दुसऱ्याला साडेचोवीस. म्हणजे आज बत्तिशीत असलेलं जोडपं एका गाडीत पन्नाशीला मोकळं होतं आणि दुसरीत छप्पन-सत्तावन्नला.

चार टक्क्यांची हमी कुणी देत नाही. कमी-जास्त धरून पाहा, वर्षं थोडी हलतील. पण दोन्ही घरांतलं अंतर काही मिटत नाही.

पायरी ३: खरे किलोमीटर मोजा

“गाडी लागतेच” हे वाक्य तपासून पाहायला हवं. दोन महिने डायरी ठेवा. आता गाडी नसेल तर कुठे कुठे लागली असती ते लिहा. सोलापुरात बहुतेकांच्या नोंदी साधारण सारख्या निघतात. रोजचं ऑफिस, सात रस्ता, नवी पेठ, मुलांची शाळा हे सगळं दुचाकीच्या टप्प्यात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत जाणारेही बहुतेक दुचाकीनेच जातात. चिंचोळी एमआयडीसीला रोज जाणाऱ्याचं थोडं वेगळं, महामार्गावर दुचाकी नको वाटणं रास्त आहे. उरलेलं म्हणजे तुळजापूर आणि अक्कलकोट, दोन्ही चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. पंढरपूर पाऊणशेच्या आसपास. लग्नसराईत गावाकडच्या दोन-चार फेऱ्या. आणि पुणे, अडीचशे किलोमीटर.

पुण्याचं तर गाडीवाचूनही भागतं. हुतात्मा एक्स्प्रेस आहेच, आणि फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारतही पुण्यावरून जाते. एकटा-दुकटा माणूस कामासाठी निघाला तर पेट्रोल आणि टोलच्या खर्चात रेल्वेचं तिकीट काढून वर जेवणही होतं. चौघं निघाले की गणित गाडीच्या बाजूने झुकतं, हेही खरं.

आता किलोमीटरचा दर पाहा. वर्षाला ८,००० किलोमीटर धावली तर छोटी गाडी किलोमीटरला साडेसोळा रुपयांना पडते, मोठी साडेसदतीसला. पण डायरीत ४,००० च निघाले तर? पेट्रोल निम्मं होतं, बाकी खर्च तसाच राहतो. छोटी २७ रुपयांवर जाते, मोठी ६६ वर. ओळखीच्या टॅक्सीवाल्याला दर विचारा. समजा त्याने किलोमीटरला १४-१५ रुपये, वर ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल सांगितला, तर वर्षाला चार हजार किलोमीटरवाल्याने गाडी न घेता प्रत्येक वेळी टॅक्सीच केलेली परवडते. हे अनेकांना पटत नाही. टॅक्सीचे पैसे खिशातून रोख जाताना दिसतात, पार्किंगमध्ये उभ्या गाडीची घट दिसत नाही.

माझं मत असं: डायरीत पाच हजारांच्या खाली आकडा आला तर गाडीचा निर्णय एक वर्ष पुढे ढकला आणि टॅक्सीसाठी वेगळा फंड ठेवा. घरात म्हातारं माणूस असेल, वारंवार दवाखाना असेल, तर हा नियम लावू नका. रात्री दोन वाजता टॅक्सीवाला फोन उचलेलच असं नाही.

पायरी ४: कमाल किंमत आधीच ठरवा

शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी ऑन-रोड आकडा कागदावर हवा. वर्षभरात हातात येणाऱ्या पगाराच्या निम्मा, ही वरची मर्यादा. वरच्या जोडप्यासाठी ती ७ लाख होते. निम्मी तरी रक्कम रोख हवी आणि उरलेलं कर्ज तीन वर्षांत फिटायला हवं. सात वर्षांचं कर्ज लागत असेल तर ती गाडी तुमच्या आवाक्यातली नाही.

आकडा ऑन-रोडचाच धरा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के रोड टॅक्स लागतो, डिझेलला १३ ते १५. साडेसोळा लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्क्यांनी जवळपास दोन लाख नुसता टॅक्स, आणि गाडी विकताना त्याचा रुपयाही परत मिळत नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्या नावाने आगाऊ भरलेला आयकर, कापतात. तो मात्र तुमचा आहे, रिटर्न भरताना मागून घ्या. पुष्कळ जण विसरतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि मोठ्या गाड्यांवर सेस काढून ४० टक्के झाला. दोन्हीकडे किमती उतरल्या. मग विक्रेता सांगतो, “सर, मागच्या वर्षीच्या बजेटमध्ये आता वरचं मॉडेल बसतं.” बसतं, पण उतरलेला पैसा एसआयपीतही (म्युच्युअल फंडातल्या दरमहा गुंतवणुकीतही) बसतो.

कारखानदार आणि दुकानदार मंडळींचा एक खास युक्तिवाद असतो: धंद्याच्या नावावर घेतली की टॅक्स वाचतो. टॉवेल-चादरीच्या आणि गणवेशाच्या धंद्यातल्या मित्रांकडून हे नेहमी ऐकतो. गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा, म्हणजे किमतीतली घट खर्च म्हणून दाखवण्याची सवलत, मिळतो हे खरं. पण ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलात तरी शंभर रुपये खर्च केल्यावर तीस वाचतात, सत्तर तुमचेच जातात. आपल्या वापराच्या साध्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या जीएसटीतून वजावट, सहसा मिळत नाही. आणि गाडी कंपनीच्या नावावर पासिंग केली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के लागतो. सीएला हे तीन प्रश्न विचारा, मग बोला.

पायरी ५: माणसांना तोंड द्या

खरी अडचण आकड्यांची नसते. पुण्याहून आलेला चुलतभाऊ दारात नवी कोरी एसयूव्ही लावतो आणि म्हणतो, “काय बे, अजून तीच डबडी?” लग्नात कार्यालयाच्या बाहेर गाड्यांच्या रांगेवरून कोण कुठवर पोचलंय ते ठरतं. सासुरवाडीला दाजी कशातून उतरले, हे आठवडाभर बोललं जातं. हा दबाव खोटा नाही, आणि “लोकांकडे लक्ष देऊ नका” या सल्ल्याने तो जातही नाही.

उपयोग होतो तो आधी घरात बोलण्याचा. पायरी २ चा हिशेब बायकोने किंवा नवऱ्याने स्वतःच्या हाताने मांडायला हवा. आयता कागद दाखवला की तो उपदेश वाटतो. आकडे त्यांचे त्यांनी बदलून पाहू देत. पन्नाशीनंतर काय करायचंय, शेतात राहायचं की मुलीकडे पुण्याला जाऊन-येऊन राहायचं, हेही त्याच बैठकीत निघू दे. एकाला निवृत्ती हवी आणि दुसऱ्याला गाडी, असं असेल तर कोणताही नियम टिकणार नाही.

नातेवाइकांना निवृत्तीची योजना सांगू नका. “पन्नाशीला नोकरी सोडणार” म्हटलं की गाडीपेक्षा मोठा वाद उभा राहतो. “मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेत” किंवा “आहे ती चांगली चाललीय की” एवढं पुरतं. सोलापुरात मुलांच्या शिक्षणाच्या नावाने कुणी पुढे बोलत नाही.

वडिलांची इच्छा हा वेगळा विषय. “एकदा सगळ्यांनी मिळून आपल्या गाडीतून पंढरपूरला जाऊ” यात मोठेपणाची हाव नसते. त्यासाठी सात सीटची गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने करा, वर्षातून चार वेळा करा, हात आखडता घेऊ नका. त्यांना एकत्र जाण्याशी मतलब असतो, आरसी बुकावर कुणाचं नाव आहे याच्याशी क्वचितच.

आणि मुहूर्त. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी जवळ आली की शोरूमचे फोन सुरू होतात आणि घरातही कुणीतरी विषय काढतं. त्या पंधरवड्यात टेस्ट ड्राइव्ह घेऊ नका. गाडी कोणती हे एरवीच्या कुठल्याही मंगळवारी ठरवा, आणून सिद्धेश्वराला नारळ फोडायला मुहूर्त पाहा.

मोठ्या गाडीसाठी एक कारण मात्र मी गंभीरपणे घेतो, ते सुरक्षिततेचं. उसाच्या हंगामात पुणे रस्त्यावर किंवा पंढरपूरच्या वाटेवर मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अचानक पुढे आली की काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण सुरक्षितता आकारात मोजायची नसते. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही गाड्यांची धडक-चाचणी आहे, तिचे तारे पाहा. कमी किमतीतही चांगले तारे मिळवलेल्या गाड्या आहेत. सनरूफचे पैसे एअरबॅगकडे वळवा. मागच्या सीटवरही पट्टा लावा आणि हंगामात रात्रीचा प्रवास टाळा.

पायरी ६: हप्ता आधी स्वतःला भरा

इतकं करूनही मोठी गाडी डोक्यातून जात नसेल तर एक चाचणी घ्या. त्या गाडीचा जो हप्ता येणार, तो पुढचं वर्षभर पगाराच्या दुसऱ्या दिवशी आरडीत (बँकेच्या आवर्ती ठेवीत) टाका. त्याशिवाय विमा-देखभालीचे महिन्याला सहा-सात हजार वेगळे. नेहमीची एसआयपी न मोडता हे बारा महिने जमलं, तर गाडी परवडते की नाही याचं उत्तर मिळालं आणि डाऊन पेमेंटही तयार झालं. चौथ्या महिन्यातच ओढाताण झाली तर तेही उत्तरच.

ज्यांची इच्छा मधेच ओसरते, त्यांनी तोच हप्ता एसआयपीकडे वळवावा. महिन्याला १६,००० सात वर्षं, १० टक्के परतावा धरला तर साडेएकोणीस लाखांच्या आसपास होतात. पुढे दहा वर्षं हात लावला नाही तर पन्नास लाखांवर. शेअर बाजाराच्या फंडात कमी-जास्त होणारच. तुमच्या पीपीएफमध्ये वगैरे काही आधीच चालू असेल तर ते चालू ठेवा, गाडीसाठी ते मोडू नका.

पायरी ७: घ्यायचीच तर जुनी कशी घ्यावी

तीन-चार वर्षांची, एका हाताची, सर्व्हिस रेकॉर्ड असलेली छोटी गाडी हा माझ्या मते सगळ्यात शहाणा सौदा. विम्याच्या हिशेबातच पाहा: गाडीची घोषित किंमत तीन ते चार वर्षांत ४० टक्क्यांनी आणि चार ते पाच वर्षांत ५० टक्क्यांनी कमी धरतात. ती घट पहिल्या मालकाने सोसलेली असते.

एप्रिल २०१९ नंतर बनलेलीच पाहा, कारण तेव्हापासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून पासिंगची तारीख आणि विमा तपासा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुमची जुनी गाडी विकताना तुमचा बोनस मात्र सर्टिफिकेट घेऊन नव्या गाडीवर आणता येतो.

सोलापुरात एक खास सापळा आहे. विजापूर, कलबुर्गीकडून कर्नाटक पासिंगची गाडी स्वस्तात सुचवणारा एजंट हमखास भेटतो. महाराष्ट्रात कायम वापरायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स आलाच. तो धरून किंमत काढा. पुणे-पिंपरीच्या एमएच-१२, एमएच-१४ च्या गाडीला हा प्रश्न येत नाही, टॅक्स राज्यात एकदाच भरलेला असतो. आणि सौद्याआधी आपला मेकॅनिक सोबत न्या. त्याला त्या सकाळचे जे काही पैसे द्याल ते वसूल होतात. एसी अर्धा तास फुल चालवून पाहा, भर दुपारी.

नवी घेणार असाल तर थोडक्यात: विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचा दर काढून समोर ठेवा. ‘हँडलिंग’ नावाची रक्कम दिसली तर ती कशाची ते लेखी मागा. अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज नको म्हणा, सीट कव्हर बाहेर मिळतात.

आधीच मोठ्या गाडीचा हप्ता चालू असेल तर

बाकी कर्ज आणि गाडीची आजची किंमत शेजारी लिहा. किंमत जास्त असेल तर विकून छोटी घेण्याचा विचार करा. मुदतीआधी कर्ज फेडल्याचा चार्ज किती हे बँकेला आधी विचारा. कर्ज जास्त असेल तर विकायची घाई नको. बोनस, एरियर्स मिळेल तो त्यात टाकून कर्ज लवकर मिटवा आणि गाडी पूर्ण वापरा, दहा-बारा वर्षं. मोठ्या गाडीचं नुकसान भरून काढायचा तोच एक मार्ग उरतो.

जुनी गाडी कधी बदलायची, याचा विचार दर एप्रिलमध्ये एकदाच करा, विमा नूतनीकरणासारखा. वर्षाचा दुरुस्तीखर्च नव्या गाडीच्या वार्षिक घटीपेक्षा सलग दोन वर्षं जास्त गेला, किंवा रस्त्यात भरवसा राहिला नाही, तर बदला. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर येतो, त्याचे पैसे आदल्या वर्षापासून बाजूला काढा. आणि गाडीचं शेवटचं बिल ज्या वहीत लिहाल, त्याच वहीत पुढच्या गाडीचा फंड सुरू करा: महिन्याला साडेचार हजार रुपये, कारण ७ लाखांच्या गाडीची महिन्याची घट साधारण तेवढीच भरते.